हन्नामावशी, आज तुमचं दार मी लावलंय

गाठ मारलीच होती मी, मावशी. आधी तेच सांगून टाकते, म्हणजे मोकळी होते. तुम्ही दहादा बजावलं होतं, "कुंदा, माझे शेवटचे कपडे तूच शिवायचेस. पांढरं सुती कापड, हातशिलाई. दोऱ्याला गाठ मारायची नाही, खिसा ठेवायचा नाही." मी म्हणायची, "चूप बसा वो मावशी, कायले असं बोलता." आणि तीन आठवड्यांपूर्वी, त्या मंगळवारी, खरंच ते कापड मांडीवर घेऊन बसले. दोरा ओवला आणि तीस वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप टोकाला गाठ मारली. अर्धी बाही झाल्यावर लक्षात आलं. सगळं उसवलं, पुन्हा शिवलं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी टाका सरळ आला. बिनगाठीचा दोरा कापडात टिकतो कसा, याचं तेव्हा नवल वाटलं होतं. अजून वाटतंय.

आज तुमची दारफाळणी. दारं लावून बसायचा सण. यंदा तो आणि आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी आले. गल्लीतली निम्मी माणसं परवाच नागपूरला गेली, मी गेले नाही. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. काल सूर्य मावळायच्या आत आले, खिडक्या लावल्या, दार लावलं आणि पांढरी साडी नेसून तुमच्या लोखंडी खाटेवर बसले. आज लिहायचं नसतं, पेनला हात लावायचा नसतो हे मला माहीत आहे. पण मी काही तुमच्यातली नाही, आणि एवढा वेळ हात मांडीवर ठेवून बसणं मला टेलरणीला जमत नाही. उपास मात्र धरलाय. सकाळी कपभर चहा घेतला, तेवढा सोडून द्या.

लिहायला बसले की हाताला शाळेतली मराठी लागते, तोंडातली नाही. तुम्ही हसाल. हसा.

काल मी माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुनंदाच्या दारात जाऊन आले. हो, गेले! सहा वर्षं तुम्ही कानीकपाळी ओरडलात आणि मी हटून बसले, पण काल गेले. काय झालं ते सांगायलाच हा सगळा खटाटोप. पण आधी दुसरं सांगू द्या. एकदम तिथं जायला छाती होत नाही.

तुमचं आमच्या गल्लीतलं पहिलं वर्ष आठवतं? मी नवी सून होते. काका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून आले आणि तुम्ही दोघं समोरच्या खोल्यांत राहायला आलात. अलिबागकडची माणसं, आडनावाच्या शेवटी कर, नाव हन्ना आणि बोलणं आमच्याहून शुद्ध मराठी. तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे यहुदी, हे फार नंतर कळलं; तेव्हा तुम्ही नेमक्या कोण, हे कोणालाच कळेना. ख्रिस्ती म्हणावं तर चर्चला जात नाहीत, मुसलमान म्हणावं तर गळ्यात मंगळसूत्र आहे, हिंदू म्हणावं तर कपाळाला कुंकू नाही. मग एका संध्याकाळी तुमचं दार लागलं, खिडक्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी उघडेना. चूल पेटल्याचा धूर नाही, भांड्याचा आवाज नाही. माझे सासरे घाबरले. "काही बरंवाईट तं नाही झालं बावा," म्हणत शिडी लावून थेट तुमच्या छपरावर चढले आणि दोन कवेलू सरकवून आत डोकावले. खाली तुम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत, पुस्तक उघडून बसलेली. सासरे वरून ओरडले, "जिते हाय ना वो?" काकांनी पुस्तकातून डोकं वर केलं आणि नुसता हात हलवला. जा म्हणून.

सासरे उतरले ते लाल होऊन. "आपल्याले पाहून दार लावते हे लोकं," म्हणाले. "मले वाटलं हे असे धंदे छप्पनसालीच संपले." मावशी, त्यांचा राग खोटा नव्हता. दार लावून घेणारे लोक त्यांनी लहानपणी खूप पाहिले होते. कोणी कायले दार लावते, याचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या उंबऱ्यात उभ्या. हातात खिरीचं पातेलं. सासऱ्यांसमोर हात जोडलेत आणि म्हणालात, "वर्षभरात काही कमीजास्त बोलले-चालले असेन तर मनात ठेवू नका." सासरे म्हणाले, "वर्ष कायचं? तीन महिने झाले तुमाले येऊन." तर तुम्ही म्हणालात, "मग तीन महिन्यांचं." आणि आत येऊन खाली बसलात. "आज आमचा शिळा सण. तुमच्याकडे कालचं काही उरलं असेल तर वाढा. मटणाचं मात्र नको." मी सासऱ्यांकडे पाहिलं. रात्री ते जेवले नव्हते, त्यांचीच भाकर दुरडीत होती. ती तुम्ही आमच्या थाळीत घेऊन, आमच्याच माठातलं पाणी पीत, चटणीशी खाल्लीत. शेवटचा घास संपेपर्यंत सासरे तुमच्या थाळीकडे बघत होते. मग मला म्हणाले, "अजून एक असन तं दे त्याइले."

त्यानंतर पुढची सगळी वर्षं, ते असेपर्यंत, दारफाळणीच्या दिवशी सासरे तुमच्या दारासमोर बाज टाकून बसायचे. भाजीवाला ओरडत आला की, "हळू बे! आज हन्नाबाईचं दार बंद हाय." पोट्ट्यांचा क्रिकेटचा चेंडू जप्त. आत तुम्ही उपाशी आणि बाहेर ते राखणीला. आजही मघाशी भाजीवाला गेला. त्याच माणसाचा मुलगा आहे तो. गाडा नुसता ढकलत गेला, आवाज नाही. मी आत बसून ऐकलं आणि अंगावर काटा आला.

मला तुमचं सगळ्यात थक्क करायचं ते हे, मावशी, की तुम्हाला बघणारं कोणी नव्हतं. साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात तुमच्यातलं दुसरं घर नाही. ना तुमचं देऊळ, ना पुरोहित. काका गेले, मुलगा रूबेन तिकडे इस्रायलला गेला. एखादा शुक्रवार तुम्ही दिवा लावला नसता तर कोणाला कळणार होतं? पण ऊन कलतं झालं की तुम्ही काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल आणि वात घालून दिवा लावायच्या आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरायच्या. मी खिडकीतून बघत राहायची. मी देव मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी तेवढा वेळ माझं मशीन थांबायचं.

शनिवारचं भांडण तर आपलं दहा वर्षं चाललं. "एक दिवस मशीनवर कापड टाक," तुम्ही म्हणायच्या. मी म्हणायची, "मावशी, गिऱ्हाईक मले जिती ठेवन का?" "अगो, बाईचं पोलकं एक दिवस उशिरा झालं तर ती काय उघडी फिरणार आहे?" शेवटी एका शनिवारी तुम्ही दुकानात येऊन काही न बोलता मशीनवर चादर टाकलीत आणि स्टुलावर बसून राहिलात. उठवणार कशी म्हाताऱ्या माणसाला? त्या दिवशी कित्येक वर्षांनी मी दुपारी माझ्या लेकीच्या डोक्याला तेल लावलं. ती अकरा वर्षांची झाली होती आणि तिच्या मानेवर तीळ आहे हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून शनिवारी दुकान बंद. गिऱ्हाईक अजून शिव्या देते.

आणि बोअरला पाणी लागलं त्या दिवशीचा मलिदा! दोनदा कोरडं गेलं होतं, तिसऱ्यांदा पाणी वर आलं आणि आम्ही सगळे नुसते बादल्या घेऊन धावलो. तुम्ही मात्र घरात गेलात. पोहे भिजवलेत, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून केळी, सफरचंद, खजूर, आणि गल्लीच्या मधोमध पाटावर परात ठेवलीत. तुमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन गायलात. म्हणालात, पाणी प्यायच्या आधी आभार मानायचे, नंतर विसरायला होतं. सासरे म्हणाले, "देव-बिव काही नसते बाई, पण पोहे झक्कास झाले." तुम्ही खळखळून हसलात आणि त्यांना दुसऱ्यांदा वाढलंत. मग काय, लेकीला नोकरी लागली तरी मलिदा, कोणाची म्हैस व्याली तरी मलिदा. कधी-कधी मला वाटायचं, यांचे सण कॅलेंडरमध्ये मावतच नाहीत, असे सांडतात आणि आमच्या घरात येतात. अंगणात तुराट्यांचा, वर पाला टाकलेला मांडव घालून आठ दिवस त्यात जेवायच्या तेव्हाही तसंच. वरून पानं गळून वरणात पडायची. "घर पक्कं आहे म्हणून डोक्यात हवा जाऊ नये," म्हणायच्या. माझ्या पोरांना वाटायचं, ही सहल आहे.

आता सुनंदाचं.

आई माझ्याकडे होती, शेवटचे दोन महिने. सुनंदा दारव्ह्याहून एकदाच आली, दोन तासांसाठी, आणि जाताना म्हणाली, "तू तं घरीच असते ताई, शिलाईच तं हाय." शिलाईच तं हाय! ते मला लागलं ते लागलंच. आणि मग शेवटच्या तीन दिवसांत आईनं तिचाच धोशा लावला. "सुनी आली का वो? सुनीले बोलाव." मी म्हणायची, "येते, येते," आणि फोन लावायची नाही. मनात म्हणायची, येऊ दे तिला तिच्या फुरसतीनं. आई गेल्यावर फोन केला. सुनंदा आली ती ओरडत, "मले काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुले फुरसत होती कुठं?" तिथंच संपलं. आईनं तिला बोलावलं होतं, हे मी तिला सांगितलंच नाही. तुम्हाला मात्र सांगितलं, त्याच वर्षी तुम्ही माफी मागायला दारात आलात तेव्हा. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, जाऊ दे कुंदा, होतं असं माणसाकडून.

तुम्ही म्हणालात, "हे माझ्याकडे कशाला आणलंस? मी माफ करून काय उपयोग? आमचा देवसुद्धा हे करत नाही गो. दुसऱ्याचा अपराध केला तर त्याच्याच दारात जावं लागतं, आणि आमचं दार लागायच्या आत." मी चिडले. म्हटलं, "तुमचा देव तुमाले. मी देव मानत नाही." तर म्हणालात, "देव नको मानू. बहीण तर आहे ना?" मग सहा वर्षं तेच. मी उलट उत्तरं देत राहिले, तुम्ही ऐकून घेत राहिलात, आणि दरवर्षी पुन्हा हात जोडून दारात. "काही बोलले-चालले असेन तर..." "मावशी, तुमी कायचं बोलल्या? मीच बोलली." तरी हात जोडलेलेच.

त्या मंगळवारी तुम्ही झोपेतच गेलात. चेहरा असा, जसा शनिवारी दुपारी असायचा. दुपारनंतर आम्ही तुम्हाला काकांशेजारी नेलं, ख्रिस्ती दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात. तुमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि तुमच्यातला एकही नव्हता. गल्लीतले दहा जण उभे राहिले. माझा नवरा, भाजीवाला, जिनिंगचे दोन हमाल, पेठेतला एक शेठ, तोही अनवाणी. रूबेन मोबाइलवर रडत-रडत म्हणत होता आणि त्यानं सांगितलं तिथं हे दहाही जण "आमेन" म्हणत होते. तुमच्या नियमात ते बसतं की नाही, माहीत नाही. मला त्या घटकेला वाटलं, बसत नसेल तर नियमानं जरा सरकून जागा करावी.

आणि तिथं फाटकापाशी सुनंदा उभी होती. हिला कोणी सांगितलं, ही कशी आली, मला कळेना. सगळं झाल्यावर नळावर हात धुताना ती माझ्या शेजारी आली. सहा वर्षांनी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दर साली येत होत्या माह्या घरी. दसऱ्याच्या आंगंमांगं."

"कोण? मावशी? कायले?"

"माफी मांगाले. म्हणत, तुझ्या बहिणीनं माझ्यापाशी एक गोष्ट ठेवलीय. ती तुझी आहे. पण ती तिनंच द्यायची, मला देता येत नाही. दाबून ठेवली म्हणून मला माफ कर."

"मंग तू काय म्हणे?"

"काय म्हणू? म्हातारं माणूस जीपमधी हाडं खिळखिळी करत येते. दर साली माफ करत होती." तिनं पदराला हात पुसले. "आता या साली त्या नाही येनार." आणि निघून गेली.

मला तुमचा राग आला, मावशी. खोटं कशाला बोलू? तुमच्यासाठी तासभर रडले होते आणि तिथंच नळावर उभी राहून तुमच्यावर चिडले. माझं पाप आणि तुम्ही दरवर्षी जीपमध्ये बसून चाळीस किलोमीटर ते वाहत होतात. मी विचारायची, "कुठं चालल्या मावशी?" तर, "काम आहे." खोटं बोलायचं नव्हतं म्हणून नुसतं काम आहे! माझं गुपित फोडलं नाहीत, तिला अंधारात ठेवलं नाहीत, आणि मधल्या मध्ये हात मात्र तुमचे जोडलेले. असं कोणी करतं का? मी असं माणूस पाहिलेलं नाही. तुमच्या समोरच्या घरात अठ्ठावीस वर्षं राहून मला पत्ता नव्हता.

म्हणून काल गेले. दारव्ह्याच्या जीपमध्ये, मागच्या फळीवर, सोयाबीनच्या पोत्यांना रेलून. सुनंदाच्या दारात उभी राहून कडी वाजवली. तिनं दार उघडलं आणि आत जाऊन खुर्ची सरकवली. पाणी दिलं नाही. म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. आई तुले तीन दिवस बोलावत होती. मीच फोन केला नाही. रागानं नाही केला, मुद्दाम नाही केला. आणि मग ते सांगितलं जे तुम्हालाही सांगितलं नव्हतं, मावशी. शेवटच्या सकाळी आईची नजर गेली होती. ती चाचपडत म्हणाली, "सुनी, आली का?" आणि माझा हात धरला. मी म्हटलं, "आली, आई." तिनं हात घट्ट दाबला, "आली माही सुनी," म्हणाली आणि मग बोलली नाही. दोन तासांनी गेली. त्या दोन तासांत हात सोडला नाही तिनं. सुनंदाला बोलावलं नाही आणि वर तिच्या वाटणीचा हातही मीच घेतला. हे मला सहा वर्षं गिळता येत नव्हतं.

सुनंदा भिंतीकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "मले वाटे, आईले माही आठवणच नाही आली."

मग म्हणाली, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"माही सुनी म्हणली?"

"हो."

"पुन्हा सांग."

मी तिसऱ्यांदाही सांगितलं. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कोणता हात होता?"

मी उजवा हात पुढे केला. या हाताला सुईची घरं पडली आहेत, मावशी, तुम्ही नेहमी म्हणायच्या तेल लाव. तिनं तो दोन्ही हातांत धरला. दाबला नाही, काही नाही. नुसता धरून उभी राहिली आणि रडली, आईसाठी जसं तेव्हा रडायचं राहून गेलं होतं तसं. मीही.

तिनं मला माफ केलं का? माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. चहा केला, तो पिऊन मी उठले, कारण मला सूर्य मावळायच्या आत इथं पोचायचं होतं. ती जीपपर्यंत आली. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाली, "ताई, पुढच्या साली येजो. पुन्हा सांगजो."

तर मावशी, दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे दारव्ह्याला जाणं आता माझ्याकडे आलं. हाडं खिळखिळी होतील, होऊ देत. गिऱ्हाइकांनी विचारलं तर काम आहे म्हणेन.

बाहेर पाखरांचा कालवा सुरू झालाय, ऊन गेलं. पहिली चांदणी दिसली की तुमचं दार उघडते. उद्या शिळा सण आहे. कालच्या दोन भाकरी मी राखून ठेवल्यात, आणि सकाळी हात जोडून माफी मागायला गल्लीत पहिल्या घरापासून सुरुवात करायची आहे.